आधी निदान, मग फवारा

बरखेड्याच्या भेल वसाहतीत घरापुढे चार फुलझाडे राखण्याची हौस घरोघर दिसते. पावसाळ्यात मात्र तगरीची पाने एका रात्रीत फस्त होतात आणि आपला हात प्रथम कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. पाने खाणारी ती बोटाएवढी हिरवी अळी बहुधा एका पतंगाची असते. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके आणि शेपटाशी लहानसा काटा, ही तिची खूण. पुढे तिचाच हिरव्या-गुलाबी नक्षीचा अत्यंत देखणा पतंग होतो. तगर थोड्याच दिवसांत पुन्हा पालवते.

महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्ल्यू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांची पानेच खाते. दिवसा उडणाऱ्याचे कौतुक आणि रात्री उडणाऱ्याला विष, हा न्याय कोणता? अंगणातल्या पपईचे परागीभवन बव्हंशी निशाचर पतंग करतात. चिमणी, बुलबुल आपल्या पिलांना अळ्याच भरवतात. अळ्या संपल्या, तर चिमण्या कुठे गेल्या म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

सर्वच पतंग निरुपद्रवी आहेत, असे मुळीच नाही. हरभऱ्यावरील घाटेअळी शेतकऱ्याचे पीक बुडवते. शेवग्यावरील केसाळ सुरवंटांचा स्पर्श झाला, तर अंगावर गांधी उठतात. असे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी तपासले असतील. तेथे उपाय हवाच. पण ताप दिसताच प्रतिजैविक लिहू नये, हे आपण रुग्णांना पटवून देतो. तोच विवेक अंगणातही पाळावयास हवा.

भोपाळमध्ये तर या विवेकाला अधिकच मोल आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले, तो ‘सेव्हिन’, म्हणजे कार्बारिल, हे कीटकनाशक बनविण्यासाठीच उभा होता. त्या द्रव्यावर भारतात बंदी आली ती २०१८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. किडीसाठी काढलेले विष माणसाला ओळखून सोडत नाही.

तेव्हा अळी दिसली की आधी ती ओळखावी. नुकसान खरोखर मोठे असेल, तर चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. रात्री अंगणातला अनावश्यक दिवा मालवावा. दिव्याभोवती घिरट्या घालून असंख्य पतंग थकून मरतात. आणि एखादी तगर त्यांच्यासाठी खुशाल सोडून द्यावी. चार पानांच्या मोबदल्यात हा सौदा महाग नाही.