मोक्षपट आणि संसारपट

आमच्या सातारा-सांगलीकडील घरांत मुलांच्या हाती जो पहिला ग्रंथ पडतो, तो बहुधा अक्षरांचा नसून घरांचा असतो. दहा ओळी, शंभर घरे, काही साप, काही शिड्या आणि एक फासा एवढाच त्याचा पसारा. सापशिडीस आपण पोरखेळ म्हणतो आणि पोरांच्या स्वाधीन करून मोकळे होतो. पण माणूस वर का चढतो आणि खाली का येतो, या प्रश्नाचे उत्तर जो खेळ कोवळ्या मनावर रोज ठसवितो, तो केवळ पोरखेळ नव्हे. तो काय शिकवितो, आणि शिकवितो ते खरे आहे काय, याचा विचार थोरांनी केला पाहिजे. म्हणून आज हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

हा खेळ विलायतेहून आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. तो येथूनच तिकडे गेला आणि रूप पालटून परत आला. आपल्याकडे त्यास मोक्षपट म्हणत. उत्तरेकडे व गुजरातेत त्याचे नाव ज्ञानचौपड. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी जुन्या मोक्षपटांचा शोध घेतला, आणि कोपनहेगन विद्यापीठात 2019 साली जेकब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने पश्चिम हिंदुस्थानातील अशा पटांवर प्रबंध लिहिला. वैष्णवांचा पट बहुधा 72 घरांचा, जैनांचा 84 घरांचा असे. त्यातील प्रत्येक घरास नाव असे. शिडीच्या पायथ्याशी दया, दान, भक्ती यांसारखा गुण, आणि सापाच्या मुखाशी क्रोध, लोभ, अहंकार यांसारखा दोष लिहिलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हा खेळ छापून विकावयास निघाला. प्रथम तेथेही घरांस नीतीची नावे होती. पुढे ती गळाली. चित्रे राहिली, फासा राहिला, नावे गेली. आणि आज आमच्या बाजारपेठेत दहा-वीस रुपयांस मिळतो तो हाच मुका पट.

म्हणजे एकाच खेळाचे दोन पाठ झाले. जुना पट सांगतो, ‘तू पडलास तो तुझ्या दोषामुळे.’ नवा पट सांगतो, ‘तू पडलास तो फासा तसा पडला म्हणून.’ एक कर्मवादी, दुसरा दैववादी. समाजातील बहुतेक विचारही याच दोन रुळांवरून चालतो. शेजाऱ्याचे दिवाळे निघाले की त्याचे कर्म, आणि आपले निघाले की आपले दैव! आमचे मत असे की हे दोन्ही पाठ अपुरे आहेत, आणि जो तिसरा पाठ दोहोंतही नाही, तोच आज आम्हांस सर्वांत अवश्य आहे.

प्रथम फाशाकडून जे घेण्याजोगे आहे ते घेऊ, कारण व्यापारी वर्गास ते विशेष उपयोगाचे आहे. फाशाला स्मरण नसते. पाच वेळा सहा पडले नाहीत म्हणून सहाव्या वेळी ते पडलेच पाहिजेत असे बंधन त्याच्यावर नाही; दर वेळी संभव सहांत एक एवढाच. दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याचा संभव शेकडा 16 च्या आसपास असतो. हे साधे गणित ठाऊक नसल्यामुळे किती घरे बुडाली असतील! ‘इतके गेले, आता येणारच’ या एका वाक्यावर सट्टेबाजाची सारी इमारत उभी असते. हळदीच्या सौद्यात माल, हवामान, साठा व मागणी यांचा अभ्यास करून जोखीम घेणारा व्यापारी वेगळा. आकड्यामागे धावणारा जुगारी वेगळा. संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैशांवर खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बंद ठरविले, हे योग्यच झाले. परंतु फाशाला स्मरण नसते एवढी गोष्ट मुलास सापशिडी खेळतानाच समजावून दिली, तर पुढे कायद्याचे निम्मे काम घरातच होईल.

आता कर्मवादाकडे वळू. आळस, व्यसन, उधळपट्टी हे साप माणूस स्वतःच्या हाताने पोसतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण प्रत्येक सापाच्या मुखाशी पडणाऱ्याचाच दोष लिहिलेला असतो काय? साताऱ्याच्याच इतिहासातील एक उदाहरण घ्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. ही शिडी खरी. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या शिडीवरही त्या मुलास इतरांपासून वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तर नळास हात लावण्याची त्यास मुभा नव्हती. 1901 साली खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल असलेल्या वडिलांस भेटण्यास ही मुले निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. वाटेत रात्र पडली, जवळ अन्न होते, पण प्यावयास पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आम्ही विचारतो, त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या पदरी कोणता क्रोध, कोणता लोभ, कोणता अहंकार होता? तो साप त्याच्या दोषाचा नव्हता, फाशाचाही नव्हता. तो समाजाने, शुद्धीवर असताना, आपल्या हाताने रेखाटला होता.

तसेच ज्यास आपण निव्वळ दैव म्हणतो त्याचेही आहे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेली. त्यापूर्वी 2005 च्या पुरात हरिपुरास हळद साठविण्याची जमिनीखालील पेवे पाण्याखाली जाऊन पिढ्यांची सोय नष्ट झाली. पाऊस किती पडावा हे कोणाच्या हाती नाही. येथवर दैव मान्य. परंतु पूररेषेच्या आत घरे कोणी उठविली, ओढे-नाले कोणी बुजविले, धोक्याची सूचना कोणाच्या दारी वेळेवर पोचली आणि कोणाच्या नाही, हे प्रश्न फाशाचे नव्हेत. पाणी आभाळाचे असले तरी पुराचा साप पुष्कळ अंशी माणसांनीच लांब केलेला असतो.

सारांश, संसारपटावर साप तीन जातींचे आहेत: एक आपल्या दोषाचा, दुसरा निव्वळ योगायोगाचा आणि तिसरा समाजाने काढलेला. पहिल्यास उपाय संयम, दुसऱ्यास उपाय धीर आणि बचत. तिसऱ्यास मात्र व्यक्तीचा संयम पुरत नाही आणि धीर धरणे हे तर त्यास दूध पाजणे होय. जुन्या पटाने या तिसऱ्यास पहिल्याचे नाव दिले, नव्याने दुसऱ्याचे. म्हणून तो दोन्हीकडून सुखरूप निसटला.

शिड्यांचेही असेच. पटावरील शिडी आयती छापलेली असते. संसारात ती कोणीतरी स्वतः खपून उभारावी लागते. सातारा जिल्ह्यातील नायगावी 1831 साली जन्मलेल्या सावित्रीबाईंनी पुण्यास मुलींना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या शिडीच्या पायरीपायरीवर शेणगोळे येत होते. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिने विकले गेले. ‘कमवा आणि शिका’ ही त्या शिडीची रचना होती. चढणाऱ्याने घाम गाळावा, पण शिडी समाजाने धरून ठेवावी. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. भिंतींवाचून व बेड्यांवाचून शेती करीत, खुनासारख्या गुन्ह्यांतील माणसे तेथे पुन्हा माणसांत आली. 1957 सालचा शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. आणि त्याच आटपाडी-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्यातील तरुण सोने-चांदीच्या गलाईचा धंदा शिकून हिंदुस्थानभर पसरले, ते पुढे गेलेल्याने मागच्याचा हात धरून त्यास आपल्या दुकानी नेले म्हणूनच.

कोणी म्हणेल की हे सारे साप इतिहासजमा झाले. कायदे झाले, शाळा झाल्या, आता पट सर्वांस सारखा आहे. असे म्हणणाऱ्यांनी गळिताच्या हंगामात आमच्याच जिल्ह्यांतील उसाच्या फडाकडे एकदा जाऊन यावे. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळा लागता परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत त्यांच्या मुलांची शाळा कित्येकदा सुटते. मुलगी मोठी होत आहे, मागे कोणाजवळ ठेवावी, या काळजीने तिचे लग्न अठरा वर्षांच्या आतच उरकण्याचे प्रकारही घडतात. त्या मुलीचा फासा आणि वाचकांच्या मुलीचा फासा एकच आहे काय? आपल्या मुलीने पहिल्या घरावरून खेळास आरंभ केला. तिला तर पटावर पाऊल ठेवण्यापूर्वीच साप भेटला. ज्या उसाची साखर आपल्या चहात पडते त्याच उसाच्या फडात हे घडते. तेव्हा हा साप परक्याचा म्हणून सोडून देण्यास आपणांस जागा नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की समाजाच्या माथी दोष मारण्यास शिकविले तर मुले आळशी होतील. आमचा अनुभव उलट आहे. आपल्या पडण्यास सदैव स्वतःसच दोष देणारा खचतो, सदैव फाशास दोष देणारा बसून राहतो. कोणता साप कोणाचा हे ज्यास ओळखता येते, तोच कमरेस पदर खोचून कामास लागतो. बाबासाहेबांनी मसूरचा साप ओळखला म्हणूनच 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर त्याच्याशी गाठ घातली.

यासाठी आमची सूचना अगदी लहान आहे. मुलांस छापील पट आणून देण्याऐवजी घरी, शाळेत त्यांच्याच हातून पट काढवून घ्यावा आणि जुन्या मोक्षपटाप्रमाणे घरांस नावे लिहवून घ्यावीत. मात्र लोभ व अहंकार यांच्या जोडीस हुंडा, बालविवाह, भेदभाव, दारू, सावकारी पाश हीही नावे यावीत. आणि शिड्यांस शाळा, वसतिगृह, ग्रंथालय, सहकारी पेढी, पुराच्या रात्री उघडलेले शेजाऱ्याचे दार. मुलांनी विचारावे, ‘हा साप कोणी काढला?’ आणि वडीलमाणसांनी खरे उत्तर द्यावे. ज्या घरात हुंड्याची बोलणी चालली असतील तेथे या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाईल. पण ते जड जावे हाच आमचा हेतू आहे.

व्यापारी बंधूंस आणखी एक विनंती. आपल्या वहीत नफ्यातोट्याचे सदर आहे, धर्मादायाचेही असेल. त्यात एक सदर शिडीचे असू द्यावे. फडावरील मुलांच्या हंगामी शाळेस खोली, वसतिगृहातील एका मुलीचा वर्षाचा खर्च, शिक्षा भोगून आलेल्या माणसास दुकानात काम, यांपैकी जे झेपेल ते. वर्षअखेरीस त्या सदरात काहीच दिसले नाही, तर आपण या पटावर केवळ आपली सोंगटी पुढे सरकवीत बसलो, एवढेच सिद्ध होईल. शंभराव्या घरी एकट्याने पोचणे हा सापशिडीचा नियम आहे. संसारपटावर मात्र जो मागच्यासाठी शिडी लावून ठेवतो, त्याचाच डाव पुरा झाला असे आम्ही समजतो.