हालअपेष्टांचे कौतुक पुरे, आता शर्यत पाहा

१/१०
६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेतील ३००० मीटर स्टीपलचेस. केनियाचा अब्राहम किबिवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोहोचला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. अंतर पाच शतांश सेकंद.

२/१०
१९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची अठराच्या अठरा पदके केनियाने नेली होती. ती तटबंदी साबळेने फोडली. तरीही बीडमध्ये त्याच्याविषयी सांगितले जाते ते मुख्यतः एवढेच: शेतकऱ्याचे पोर, शाळेसाठी रोजची काही किलोमीटरची पायपीट, घरची गरिबी.

३/१०
स्टीपलचेस म्हणजे साडेसात फेऱ्यांच्या आसपासची दौड, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच. धक्का लागला तरी तो पडत नाही, पडतो तो धावपटू. दमलेल्या पायांनी प्रत्येक उडीआधी पावलांचा हिशेब जुळवावा लागतो. हे कसब अनवाणी पायपिटीतून येत नाही.

४/१०
हालअपेष्टांनीच धावपटू घडत असते, तर आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांनी ऑलिंपिकचे मैदान केव्हाच भरून टाकले असते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कित्येक मुलांची शाळा मध्येच तुटते. त्या मुलांच्या वाट्याला पदके येत नाहीत, फडावरची कोपी येते.

५/१०
साबळेला घडवले ते सैन्याने. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनमध्येही त्याची नेमणूक झाली. २०१५ मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आहार, मैदान, प्रशिक्षक, वेतन: या चार गोष्टी मिळाल्या तेव्हा हे घडले.

६/१०
गरिबीच्या कथेने मुलांना प्रेरणा मिळते, असा बचाव केला जातो. मिळतही असेल. परंतु ती कथा मोठ्यांची सुटकाही करते. अभावातूनच माणूस मोठा होतो, असे एकदा ठरले की अभाव दूर करण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

७/१०
आपला खेळाडू जपावा कसा, हे सायकल शर्यतींच्या जगात आयर्लंड या छोट्या देशाने दाखवले आहे. शॉन केली हाही कॅरिक-ऑन-शुअर या लहानशा गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. टूर द फ्रान्स त्याने एकदाही जिंकली नाही. सर्वोत्तम क्रमांक चौथा, १९८५ साली. तरी गावाने आपल्या चौकाला त्याचे नाव दिले.

८/१०
कारण त्या चाहत्यांना शर्यत कळत होती. गुणांची हिरवी जर्सी चारदा (१९८२, १९८३, १९८५, १९८९) आणि पॅरिस–नीस सलग सातदा जिंकणे म्हणजे काय, हे ते जाणत होते. १९८५ पासून काही वर्षे त्यांच्या स्वतःच्या रस्त्यांवर निसान क्लासिक भरली. १९९८ ची टूर डब्लिनहून निघाली, तेव्हा ती केलीच्या गावातूनही गेली. २०२० मध्ये हिरवी जर्सी पुन्हा एका आयरिश सायकलपटूने जिंकली: सॅम बेनेट. तो वाढला त्याच कॅरिकमध्ये आणि केलीचे नाव असलेल्या संघातून खेळलेला होता.

९/१०
बीडकडे असे स्मरण आहे काय? टोकियोत साबळेने ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८:०९.९१ अशी वेळ नोंदवली. महिनाभराने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, जिथे त्याच्याआधी एकही भारतीय पुरुष पोहोचला नव्हता, तो अकरावा आला. 'पदक नाही' एवढ्या दोन शब्दांत तो प्रवास गुंडाळणारा माणूस चाहता नव्हे.

१०/१०
हांगझोऊच्या आशियाई सुवर्णानंतर फुलांचे हार पुष्कळ पडले. जिल्ह्याला आता हवी आहे ती दरवर्षीची शर्यत, तालुक्यातालुक्यांत पळण्याजोगे मैदान आणि ८:०९.९१ हा आकडा तोंडपाठ असलेली मुले. मांडव्याहून निघालेल्या पुढच्या मुलाला धावणे शिकण्यासाठी सियाचीन गाठावे लागू नये.