वाचनवेळ : सुरतेच्या मराठी वर्गात नारळीकर

जयंत नारळीकरांमधला कथालेखक जागा झाला तो गुजरातेत. अहमदाबादच्या एका परिषदेत कुणाचे तरी रटाळ व्याख्यान चालू होते आणि यांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. ती 'कृष्णविवर'. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ती पाठवताना त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखीचे म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. पहिले बक्षीस मिळाले. फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून केंब्रिजहून परतलेला शास्त्रज्ञ नवख्यांच्या रांगेत मुकाट उभा राहिला, याचे मला त्या कथेइतकेच मोल वाटते.

हॉईल स्वतः 'द ब्लॅक क्लाउड'सारखी कादंबरी लिहिणारे. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिले. पण माल उसना आणला नाही. त्यांचा बर्फ मुंबईत पडतो, त्यांचे कोडे गणपतीच्या उजव्या सोंडेत असते. त्यांची पात्रे कधी कधी वर्गात शिकवल्यासारखी बोलतात, हे खरे. 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' या कादंबऱ्या वाचतानाही ते जाणवते. तरी पुढे काय होणार हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यामागचे विज्ञान खोटे नसते.

सुरतेच्या वाचकाने मात्र आधी त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. तिथे कंपनी सरकारचे राज्य देशभर पसरलेच नाही; मुंबईसारख्या थोड्या ठिकाणी ते उरले. हीच कंपनी सतराव्या शतकात आपल्या सुरतेत वखार घालून बसली होती. वखारीचा व्यापारी वखारीपुरताच राहिला असता तर? तापीकाठच्या मुलासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही, त्याच्या गावातला आहे. इंग्रजी रूपात ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आली. जी मुले मराठीत शिकतात, त्यांनी ती मूळ मराठीतच वाचायला हवी.

अशी मुले इथे आहेत. उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कितीतरी घरांत बाप लूमवर पाळी करतो. महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा याच मुलांसाठी आहेत. मराठी म्हणजे सण, आरती आणि गावाकडची आजी एवढेच त्यांच्या वाट्याला येऊ नये. कृष्णविवर, विषाणू, काळाचे दोन फाटे, हे सगळे आपल्या भाषेत बोलता येते, हे त्यांना दहाव्या-बाराव्या वर्षी कळले पाहिजे. नारळीकरांनी आयुष्यभर हट्टाने मराठीत लिहिले ते यासाठीच, असे मी मानतो.

२० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. श्रद्धांजलीच्या सभा झाल्या, आता कामाचे बोलू. शिक्षकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्यांची एक कथा मोठ्याने वाचावी. गणेशमंडळांनी यंदा स्पर्धांच्या बक्षिसांत स्टीलच्या डब्यांऐवजी त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह द्यावा.