हिरकणीचा धडा

रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्हुल्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा सर्वश्रुत आहे. शिवछत्रपतींनी तिला दंड केला नाही. तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आपल्या संस्थांना नेमका याच राजनीतीचा विसर पडला आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तिजोरीला मात्र ओरखडाही उमटला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पावरील सायबर हल्ल्याचे वृत्त खोटे ठरवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी प्रशासकीय संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे मान्य करावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर ठप्प झाले आणि रुग्णांच्या नोंदी हाताने लिहिण्याची वेळ आली.

यावरील उपाय ज्ञात आहे. ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ म्हणजे मालकाच्या लेखी अनुमतीने, ठरलेल्या मर्यादेत, आपल्याच तज्ज्ञांनी शत्रूच्या पद्धतीने केलेली चढाई. परंतु अनेक ठिकाणी तिचा केवळ उपचार उरतो. अडचणीची यंत्रे परीक्षेतून वगळायची, प्रमाणपत्र मिळवायचे आणि अहवाल कपाटात ठेवायचा! विनापरवाना घुसखोरीचे समर्थन कोणीही करणार नाही. पण प्रामाणिकपणे उणीव दाखवणाऱ्या तरुणाला कायद्याचा धाक घालणे हा कोणता शहाणपणा?

उणीव झाकल्याने तट अभेद्य होत नाही. आपल्या माणसाने दाखवलेली वाट आज बुजवली नाही, तर उद्या तिनेच शत्रू चढून येईल.