टेबलापाशी कोण बसलंय?



हॉलंडात नव्याने आलेल्या आपल्या लोकांची एक तक्रार ठरलेली असते. "इथे मीटिंगा फार हो, निर्णय कधी होतो तेच कळत नाही." सुरुवातीला मीही हेच म्हणायचो. मीटिंगमध्ये सगळे बोलायचे, मी आदबीने गप्प बसायचो आणि साहेब शेवटी काय ते सांगतील म्हणून वाट बघायचो. साहेब काही सांगायचेच नाहीत. आठवड्याने कळायचं की निर्णय तर केव्हाच झालाय, आणि माझं गप्प बसणं म्हणजे होकार असं सगळ्यांनी धरलंय!

या बोलाचालीला डच लोक 'ओव्हरलेख' म्हणतात. ती समजायची तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. या देशाचा साधारण पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध फुटला तर पाणी जमीनदार आणि कूळ असा भेद करत नाही. म्हणून तेराव्या शतकापासून इथे पाण्याची मंडळं आहेत, 'वाटरस्खाप' नावाची. आज अशी २१ आहेत. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. १९५३ च्या फेब्रुवारीतल्या पुरात १,८३६ माणसं गेली. ती आठवण असल्यावर हे खातं कुणाला फालतू वाटत नाही. गाव करी ते राव काय करी, ही म्हण आपली. पण ती सरकारी कारभारात मुरलेली मी इथे पाहिली.

अर्थकारणातही तेच. १९५० साली स्थापन झालेल्या सामाजिक-आर्थिक परिषदेत मालक, कामगार संघटना आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञ एकत्र बसतात. १९८२ साली बेकारी वाढलेली असताना मालक आणि संघटनांनी वासनार गावी करार केला: पगारवाढ आवरती घ्यायची, बदल्यात कामाचे तास कमी करायचे. संघटनांच्या बाजूने होते विम कोक, जे पुढे १९९४ ते २००२ पंतप्रधान होते. पुढे अर्धवेळ काम इथे सर्रास झालं, आणि २००० साली तास कमी-जास्त करून मागण्याचा हक्क कायद्यातच आला. आठवड्यात एक दिवस घरी राहून पोरं सांभाळणारा तुमचा सहकारी आळशी नाही, तो या इतिहासाचा लाभार्थी आहे.

मात्र भाषा एक म्हणून व्यवस्था एक, असं समजू नका. गाडीने दोन तासांत अँटवर्पला पोचलात की पाट्या डचच असतात, पण बेल्जियममध्ये पगार महागाईबरोबर आपोआप वाढतात, बेकारभत्ता बरेचदा संघटनेमार्फत मिळतो, आणि निम्म्याच्या आसपास कामगार संघटनेचे सभासद आहेत. हॉलंडात हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी.

आता दुसरी बाजू. टेबलाभोवती सगळे एकमताने चुकले तर? पाळणाघराच्या भत्त्याचं प्रकरण आठवा. कर खात्याने हजारो पालकांना खोटंच फसवणूक करणारे ठरवलं आणि बारीकशा चुकीसाठी वर्षांचा भत्ता परत मागितला. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. त्यांत परदेशी मुळाचे लोक फार होते, आणि दुहेरी नागरिकत्वाची माहिती खात्याने बेकायदा वापरली होती. संसदेच्या समितीने डिसेंबर २०२० मध्ये कुणालाच सोडलं नाही: मंत्री, खासदार, न्यायाधीश, सगळेच. १५ जानेवारी २०२१ ला सरकारने राजीनामा दिला. पण इतकी वर्षं सगळे शहाणे टेबलापाशी होते. नव्हते ते फक्त पालक.

आपल्या घरातलं उदाहरण हवं? २०२३ च्या अखेरीस संसदेने आपल्या ३० टक्के करसवलतीला कात्री लावली. पुढच्या वर्षी तो निर्णय बराचसा सौम्य झाला. आपल्या वतीने बोललं कोण? कंपन्या आणि विद्यापीठं, म्हणजे आपले मालक. त्यांचं आणि आपलं हित तेव्हा जुळलं. दर वेळी जुळेलच असं नाही.

म्हणून सांगतो, टेबलापाशी जाऊन बसा. ५० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत कर्मचारी मंडळ असावंच लागतं, ज्याला सगळे 'ओ-एर' म्हणतात. मोठी पुनर्रचना करायची तर कंपनीला आधी त्याचा सल्ला घ्यावा लागतो. नोकरी जाण्याची बातमी कँटीनमध्ये ऐकायची की मंडळात बसून आधी प्रश्न विचारायचे, हे आपल्यावर आहे. आणि इथे सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्याला भारतीय पासपोर्ट न सोडताही नगरपालिकेला आणि पाण्याच्या मंडळाला मत देता येतं. संसदेला मात्र नाही. कितीजणांनी ते मतदानाचं कार्ड घरी आल्यावर जाहिरातींबरोबर रद्दीत टाकलंय, हे ज्याचं त्याने मनाशी मोजावं. मी एकदा टाकलंय.

अडचण एकच, ती भाषेची. ऑफिसात इंग्रजीवर निभतं हो, पण शाळेच्या पालकसभेत, नगरपालिकेत आणि कॉफीच्या यंत्रापाशी खरं बोलणं डचमध्येच होतं. व्याकरण चुकेल, 'ख' घशात अडकेल, समोरचा पटकन इंग्रजीवर जाईल. आपण डचच बोलत राहायचं. दोन वर्षांसाठी आलो म्हणणारे आपण इथेच बारा वर्षं काढतो. तेवढ्यात कुठलीही भाषा येते.

असो. तुमच्यापैकी कुणी ओ-एरमध्ये असेल तर अनुभव जरूर लिहा.