सोबतीला गेलो, मागे राहिलो

एका वाचक भगिनीने निरोप धाडला आहे. मुलगी पोलीस भरतीसाठी धावते, आता मैत्रिणींबरोबर साताऱ्याच्या मॅरेथॉनला जायचे म्हणते, जाऊ द्यावे काय? उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये मी स्वतः ती शर्यत धावलो. वय सत्तेचाळीस, नोकरी खुर्चीतली. हसू नये.

त्याचे झाले असे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी भरतीची तयारी करीत होती. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण मुलींच्या आठशे मीटर धावण्याला आहेत. अकोल्यात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून सराव पहाटे साडेचारलाच. वहिनींनी साफ सांगितले, "भाऊजी, पोरगी अंधारात एकटी पयते, लोकं काय म्हनतीन? मी नाही जाऊ देत." लोकांच्या बोलण्याची मला पर्वा नव्हती, पण अंधाऱ्या रस्त्याची काळजी खरी होती. म्हणून मी सोबतीला जाऊ लागलो. वसंत देसाई स्टेडियमवर काही दिवस नुसता उभा राहिलो, मग चाललो, मग लाज वाटून धावू लागलो.

महिनाभराने मुलीला चक्कर येऊ लागली. घरात एकच निकाल लागला, धावणे बंद! मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले 9.4. बाईमाणसाचे निदान 12 तरी हवे. पोरगी आधीपासूनच अशक्त होती, धावायला लागली म्हणून ते उघडकीस आले, एवढेच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा घेणे बंद केले, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. वरणावर लिंबू आणि सकाळी भिजवलेले हरभरे सुरू केले. आपल्या घरांत आई आणि मुलगी सर्वांच्या मागून जेवतात, भांड्यात उरले ते जेवतात. त्याचा हिशेब असा रक्तात निघतो. मी कारकून माणूस, पण हा हिशेब इतकी वर्षे माझ्याच घरात पाहिला नव्हता. चारेक महिन्यांनी आकडा 12 वर आला.

तेव्हा भगिनी, मुलीला जाऊ द्या, पण आधी तिचे रक्त तपासा. आणि माझ्यासारखा चाळिशीपुढचा कोणी सोबत धावणार असेल, तर त्याने रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख काढल्याशिवाय बूट घालू नयेत.

साताऱ्याची ही शर्यत 2012 साली सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते, ही अर्धी म्हणजे 21 किलोमीटरची. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचे. तोच रस्ता पुढे कासच्या पठाराकडे जातो. अकोल्यात चढ म्हणजे रेल्वेचा पूल! आम्ही त्या पुलावरच फेऱ्या मारीत होतो. एका दूधवाल्याने विचारले, "काकाजी, काही हरवलं का?"

खर्चाचे म्हणाल तर नोंदणीचे शुल्क आपल्या घरांना जड आहे, उगाच लपवीत नाही. ती नोंदणीही काही महिने आधी करावी लागते. मी दिवाळीचे कपडे घेतले नाहीत. पोरीला चांगले बूट मात्र घेतले, कारण गुडघे पुन्हा मिळत नाहीत. महाराष्ट्र एक्सप्रेस अकोल्याहून थेट साताऱ्याला जाते, त्यामुळे एक रात्र गाडीत आणि एक रात्र ओळखीच्या कार्यकर्त्याकडे.

गाडीत मी पुतणीला ललिता बाबरची गोष्ट सांगितली. ती सातारा जिल्ह्याचीच, माण तालुक्यातल्या दुष्काळी मोही गावची. 2012 ते 2014 सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावली. ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत 1928 साली झाली. बायकांना एवढे अंतर झेपत नाही असे म्हणून ती बंद केली, ती थेट 1960 साली पुन्हा आली. बायकांची मॅरेथॉन तर 1984 पर्यंत नव्हतीच. पुतणी म्हणाली, "म्हंजे लोकं काय म्हनतीन, हे तिकडंही होतं!"

शर्यतीत घाट लागेपर्यंत आम्ही बरोबर होतो. पहिल्याच वळणावर माझा श्वास फुलला. ती दोनदा थांबली. तिसऱ्यांदा मीच हात हलवून जा म्हटले. "काकाजी, तुमी हळू या, मी जातो पुढं," म्हणाली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी चढ चालतच काढला. खरा त्रास उतारावर झाला, मांड्या थरथरत होत्या. पुढे दोन दिवस जिना उलटा उतरलो. पोरगी 2 तास 24 मिनिटांत आली, मी 3 तासांना थोडा कमी.

अकोला स्टेशनवर भाऊ-वहिनी घ्यायला आले होते. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. वहिनींनी माझ्या गळ्याकडे पाहिले, मग पोरीच्या.

"भाऊजी, तुम्ही तं मांगं रायले होते म्हने. तुमाले कायचं देलं?"