वर्धेकरांनो, समुद्राला जायचं तर तिथी बघून जा

आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी वयस्क माणसं आहेत की ज्यांनी पंढरपूर पाहिलं, काशी केली, शेगावला तर वर्षाआड जाऊन येतात. पण समुद्र पाहिलेला नाही. माझी आई त्यांतलीच होती. सत्तरी गाठल्यावर तिला हरिहरेश्वरला नेलं. ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि खरंच खारट आहे का ते जिभेला लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो, तर काल जिथे लाटा फुटत होत्या तिथे ओले खडक उघडे पडलेले. आई म्हणाली, "अन् आता हे पानी गेलं कुठं?"

त्या प्रश्नासाठीच हे लिहितो आहे. आपण नदीकाठची माणसं. धाम नदीचं पाणी चढतं ते पावसानं किंवा वर धरणाचं पाणी सोडल्यावर, आणि चढलं की दोन दिवस दिसतं. समुद्र रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि दर दिवशी ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. कोकणातल्या शाळकरी पोराला हे ठाऊक असतं, आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला नसतं. दरवर्षी कोकणात बाहेरगावचे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच अज्ञान नडलेलं असतं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. देवळाच्या मागून टेकडी चढायची, मग दोन उभ्या कातळांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली जातात. उतरलात की एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. त्या कड्याच्या पायथ्याने खडकांवरून चालत देवळाकडे परत यायचं. खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी कातळाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. हात लावून बघा, खडक ओळखीचा निघेल. पवनारला धामच्या पात्रात दिसतो तोच हा काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा थरांवर थर पसरला, त्याचाच. त्याची झीज होऊन आपल्या पऱ्हाटीची काळी माती झाली, आणि इकडे समुद्राने तो कापून कडे केले. विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, हरिहरेश्वरही त्याच जिल्ह्यात. पवनारच्या खडकावर आश्रम करताना त्यांना तो दगड परका वाटला नसणार, असं मला तिथे उभं असताना वाटलं.

पण ही वाट ओहोटीचीच आहे. भरती सुरू झाली की लाटा थेट कड्याच्या पायाला येऊन आपटतात आणि परतीचा रस्ता पाण्याखाली जातो. इथे माणसं वाहून गेली आहेत. त्यातही एक गोष्ट फसवी आहे: चारपाच लाटा लहान येतात, आपण निर्धास्त होतो, आणि मग एक मोठी येते. शेवाळलेल्या खडकावर पाय टिकत नाही. म्हणून गावातल्या माणसाने "आता जाऊ नका" म्हटलं, तर "एवढ्या लांबून आलो आहोत" हे कारण त्याला सांगू नका.

वेळ ओळखण्याची कोकणातली एक जुनी रीत आपल्याला फार सोयीची आहे, कारण तिला लागतं फक्त भिंतीवरचं कॅलेंडर. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी नऊच्या आसपास. पंचमीला पावणेचारची भरती, ओहोटी दहाच्या सुमाराला. म्हणजे सकाळच्या उन्हात निवांत प्रदक्षिणा करायची असेल, तर चतुर्थी-पंचमीला तिथे असावं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावं, पाणी वळायच्या आत वर यावं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. हा सगळा अंदाज आहे, शेवटचा शब्द स्थानिक कोळ्याचा.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला नेमकं उलटं करावं लागतं. तिथे उमा-महेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद भेग आहे, बामणघळ म्हणतात. भरतीला पाणी त्या भेगेत घुसतं आणि उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. बघा मात्र लांबून. घळीच्या काठावर फोटोसाठी जाऊ नका.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि रत्नागिरीचा रत्नदुर्ग या ठिकाणी भरती-ओहोटीची चिंता नाही, वरूनच समुद्र दिसतो. मात्र कोकणात पुष्कळ ठिकाणी सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माथ्यावर, जांभा दगड आहे. तो खालून पोखरलेला असू शकतो आणि वरून कळत नाही. टोकापासून चार पावलं मागे राहून समुद्र तेवढाच दिसतो.

आता आपल्या लोकांची एक सवय सांगतो, राग मानू नका. इतक्या लांब आलो म्हणून चार दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंत सगळं उरकायचं, आणि निम्मा वेळ गाडीत काढायचा. वर्ध्याहून मुंबईच रेल्वेने 758 किलोमीटर. एवढा प्रवास करून पुन्हा प्रवासच कशाला? एक गाव धरा. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशी पाटी असलेलं घर बघा आणि तीन रात्री तिथेच राहा. सकाळी कड्यावर, दुपारी पडवीत झोप, संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर. सोलकढी आणि तांदळाची भाकरी दोन दिवसांत अंगवळणी पडते. ठेच्याची बाटली सोबत असू द्या. गाडी पुळणीवर घालू नका, रुतते आणि भरती तिची वाट पाहत नाही.

मे महिन्यात शक्यतो जाऊ नका. तिथला पारा आपल्यापेक्षा बराच खाली असतो, पण आपल्याकडे घाम वाळतो, तिथे वाळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा होतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारीची बंदी असते, त्यावरून काय ते समजा. नोकरदारांनी दिवाळीनंतर जावं. शेतकऱ्यांनी पऱ्हाटी उपटून, चणा घरात आला की निघावं, फक्त होळीचे दिवस टाळावेत. शिमग्याला कोकणी माणूस घरी जातो आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

हरिहरेश्वरसाठी कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन, पुढे साठेक किलोमीटर रस्ता. नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्ध्यावरूनच जाते. ती त्या दिवसांत चालू आहे का, हे आधी स्टेशनवर विचारून घ्या.

घरात आई, आजी, थकलेले वडील असतील तर त्यांना घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या उतरवू नका. देवळासमोर वाळूवर खुर्ची टाकून द्या, तेवढं पुरतं. माझी आई तशीच दोन तास बसली होती. परत आल्यावर तिने शेजारणींना कड्याचं काही सांगितलं नाही, पाणी कसं गेलं आणि कसं परत आलं तेच सांगत राहिली. पुढच्या महिन्याची चतुर्थी कधी आहे ते आजच बघा आणि तिकीट काढा.